हात धुऊन

तेलावीच्या औषधांच्या दुकानात काचेखाली पाच यंत्रं होती.
मनानाने त्यातलं सर्वांत देखणं पुढे सरकवलं.
मी विचारलं, पट्ट्या कितीला?
यंत्र अगदी स्वस्त आहे, त्सियाला मावशी.
मी पुन्हा विचारलं, पट्ट्या कितीला?
घोडा फुकट मिळाला तरी चारा रोजचा असतो.

भाच्याने जर्मनीहून धाडलेलं एक घरी होतंच,
त्याच्या पट्ट्या इथे मिळत नाहीत.
त्याच्या पाकिटात आता मी सुईदोरा ठेवते.

मी घेतलं ते ओबडधोबड,
पण आकडे एवढाले
की उशाशी चष्मा चाचपडावा लागत नाही.

ज्या झोपेला साखरझोप म्हणतात
तिच्यातून उठून मी साखरच मोजते.
करंगळीशेजारचं बोट, पेराच्या कडेला.
मधोमध टोचायचं नाही,
मधोमध जगाला हात लावायचा असतो.
वासरू आचळाला लागावं तशी पट्टी थेंब ओढून घेते
आणि यंत्र पाचापासून उलटं मोजू लागतं.
तेवढ्यात मी कालच्या पावाचे दोन तुकडे
कबूल करून टाकते.
आमच्याकडचे आकडे लहान.
सहा-सात म्हणजे देव पावला.

मग द्राक्षांची तोडणी आली.
दिवसभर कढईत रस आटवला,
अक्रोडांच्या माळा बुडवून बुडवून दांडीवर टांगल्या.
दुपारी सहज मोजलं तर
तेवीस.
पायातलं बळच गेलं. मुलीला फोन लावला, थेस्सालोनिकीला.
ती परक्या म्हातारीला आंघोळ घालत होती,
फोन खांद्याने कानाशी दाबून म्हणाली,
आई, हात धुतलेस?

धुतले नव्हते.
धुतले, कोमट पाण्याने, कोरडे पुसले. सात पूर्णांक दोन.
ती साखर माझी नव्हती, मळ्याची होती,
बोटावर येऊन बसलेली.
जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात रस होता,
म्हणून चमचाभर चाटला.
मुलीला सांगितलं नाही.
यंत्राने संध्याकाळी मला सांगितलंच.

लोक म्हणतात, हे दुखणं हात धुऊन मागे लागतं.
तेव्हापासून मीच लागले आहे त्याच्या मागे,
हात धुऊन.

शेजारचा झुराब माझ्या या खेळण्याला हसायचा.
माझ्या रक्तात वाइन आहे, साखर बसणार कुठे?
नोव्हेंबरात एका रात्री दार वाजलं.
उंबऱ्यावर तो, कमरेचा पट्टा तीन भोकं आत.
बादलीभर पाणी पितो, म्हणाला,
तरी जीभ टाळूला चिकटते.
ते तुझं काढ ना जरा. कुणाला सांगू नकोस.

मी सुई बदलली. शेजार आपल्या जागी, सुई आपल्या जागी.
साबण देऊन त्याला मोरीवर पाठवलं.
अस्वलाएवढ्या माणसाने
मुंगीएवढ्या टोचणीला डोळे मिटले.

पाच, चार, तीन, दोन, एक.

आकडा आलाच नाही.
इंग्रजी दोन अक्षरं आली.
मळे बघायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे तेवढी त्याला येतात.
'हाय,' त्याने वाचलं आणि खो खो हसला,
बघ त्सियाला, मला नमस्कार करतंय!

मीही हसले असते.
पण खोक्यातला कागद मी भिंग लावून वाचला होता.
मोजता येण्याच्या पलीकडे गेली
की तिथे हे लिहून येतं.

कोट घाल, म्हटलं. किल्ली दे, मी चालवते.

इस्पितळापर्यंत तो बोलत राहिला,
यंदा पुरलेल्या रांजणांबद्दल, झाकणाच्या मातीबद्दल,
मध्येच थांबून पाणी मागायचा.
यंत्र त्याने मांडीवर धरून ठेवलं होतं.
पडदा केव्हाच विझला होता,
तरी अधूनमधून
तो त्याला हळूच म्हणत होता,
हाय.