सालिता

सॅम्पलचा टॉवेल परत आला,
रंग एक घर फिका म्हणून.
खोक्यात त्याच्या पोटाशी चोळामोळा करून कोंबलेला
इटलीचा एक नकाशा.
सायकलवाल्यांसाठी छापलेला.
गावांची नावं बारीक, रस्ते तांबडे,
आणि खालच्या पट्टीत अख्खा रस्ता
कलिंगडासारखा उभा चिरून दाखवलेला :
इथे सपाट, इथे चढ, इथे दम घ्या.

मी पॅकिंगला. अक्कलकोट रोड, एमआयडीसी,
सव्वीस वर्षं.
चुकीची घडी मला सोसत नाही.
जेवणाच्या सुट्टीत टेबल पुसून
तळहातानेच त्या मुलखाला इस्त्री केली.

डाइंगचा रेवणसिद्ध आला, नखं कायम निळी.
आडव्या रेघेवर बोट ठेवून अक्षरं जुळवली :
पियानूरा.
चढत्या रेघेवर :
सालिता.
"ही कोण बे? सरिताची बहीण?"

संध्याकाळी दस्तगीर मिस्त्रीला विचारलं.
चेन रॉकेलच्या डब्यात बुडवत तो म्हणाला,
पियानूरा ठीक आहे, त्यात नूर आहे.
नूर सपाटीवरच दिसतो, पहाटे,
हिप्परग्याच्या तळ्यापाशी. जाऊन बघा.
तो स्वतः येत नाही. गुडघा.
पण माझ्या मागच्या चाकाच्या तारा
त्याने त्या रात्री एकेक वाजवून कसल्या,
पैसे सांगितले नाहीत.

रविवारी पाचला निघालो.
तळ्यावर धुकं होतं, आणि एक म्हैस.
नूर म्हणजे हेच का, रेवणने विचारलं नाही,
मीही नाही.
उळे गेलं. तामलवाडीच्या टोलनाक्यावर
सायकलला कोणी हटकत नाही, तरी रेवण थांबला,
केबिनमधल्या पोराला सलाम ठोकला,
पोरगं झोपेतच हसलं.
दोन्ही अंगांना ज्वारी, कणसं भरत आलेली,
मधेच करडईचा काटेरी पट्टा.
वारा समोरून.
सपाट रस्ता सोपा असतो असं ज्याने ठरवलं
त्याने सोलापूरचा वारा खाल्लेला नाही.

माळुंब्र्याला चहा. कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणी बोटाने.
नकाशा रेवणच्या कॅरिअरला, प्लास्टिकच्या पिशवीत.
त्यात आपली गावं नाहीत हे ठाऊक असून
दोनदा उघडून बघितला.

मग घाट.
पहिल्या वळणाला बोलणं संपलं.
दुसऱ्याला शिव्या.
तिसऱ्याला उसाचा एक ट्रॅक्टर इतका हळू चढत होता
की आम्ही त्याच्या बरोबरीचे झालो,
ड्रायव्हरने गाण्याचा आवाज वाढवला, आमच्यासाठी.
खालची सगळी सपाटी मागे पडत गेली,
रंगात बुडवून वाळत टाकलेल्या कापडासारखी,
अजून ओली.

वरच्या कठड्याला सायकली टेकवल्या.
गळ्यातला टॉवेल काढला, तोच, एक घर फिका,
भंगारात जाताना मी मागून घेतलेला.
तोंड पुसलं.
काठावर ऑलिव्हची फांदी, पाचशे ग्रॅम वजन,
अशा चार हजार नगांची ऑर्डर
गेल्या आषाढात आम्हीच भरली.
तिकडच्या कुठल्याशा टेकडीवरच्या हॉटेलासाठी.
आत्ता तिथे रात्र असेल.
पण उजाडल्यावर कोणी एक जण चढ संपवून
दारात सायकल टेकवील,
आणि माझी घडी मोडून
मान पुसेल.
तो माणूस मला दिसत नव्हता.
मान तेवढी दिसत होती, लाल, मिठाचे डाग असलेली.
रेवणला सांगितलं.
तो म्हणाला, रंग उतरला तर शिव्या मला घालेल.

निघताना पट्टी पुन्हा बघितली.
चढानंतर रेघ खाली येते, तिथे एक शब्द होता,
पण नेमकी तिथेच घडी, कागद झिजून भोक पडलेलं.
त्याला तिकडे काय म्हणतात, कळलं नाही.

"उतार म्हण की लेका," रेवण म्हणाला,
आणि ब्रेक सोडले.