साडेअकरा इंच

कोपरखैरणे, सेक्टर पाच, गाळा नंबर नऊ.
शेजारच्या स्टेशनरीवाल्या भानुशालीकडून
दुपारी गिऱ्हाईक नसताना
पृथ्वीचा गोल मागून आणला.
विकत नव्हे, अर्ध्या तासाकरता.
"तेलाचे हात लावू नका, झिंगाडे."

टेप धरली.
आपल्या किनाऱ्यापासून ऑकलंडपर्यंत
साडेअकरा इंच.
हे माप बोटांना पाठ आहे:
कोपरापर्यंतची बाही.
दिवसाला चार तरी कापतो.

प्रणोती म्हणाली होती,
बारा हजार तीनशे किलोमीटर, बाबा,
सिंगापूरला थांबून वीस तास,
थांबा लांबला तर सव्वीस.
मी हं हं केलं.
एवढा आकडा मी फक्त
गाळ्याच्या भाड्यात पाहिलाय.

टेप गोलावर घसरते.
मग काळा दोरा घेतला, ताणून धरला.
ताणलेल्या दोऱ्याला जवळची वाट
आपोआप सापडते.
तो निघाला तो आधी
सोलापूरच्या अंगावरून गेला.

मी तिथेच थांबलो.
सत्याऐंशी साली याच वाटेनं उलटा आलो होतो,
यष्टीच्या मागच्या बाकावर,
मांडीवर मशीनचं मुंडकं.
दहा तास.
उतरल्यावर वाटलं,
याहून लांब कुणी जात नसणार.
दोऱ्याखाली ते सगळं
सुईच्या नेढ्याएवढंही भरलं नाही.

पुढे नुसतं निळं अस्तर,
मग ऑस्ट्रेलियाचं तपकिरी ठिगळ,
पुन्हा निळं,
आणि पार कडेला, जिथे काजं करतात तिथे,
ती.

कोपराला गूळ म्हणतात तो हाच.
छत्तीस वर्षं कोपरखैरण्यात काढून
आज कळलं.

नातीचं माप फोनवर आलंय.
छाती अठरा, उंची सोळा,
बाही: 'ती हात स्थिर ठेवतच नाही, अंदाजे घ्या.'
अंदाजे मी आजवर
एक कात्री चालवलेली नाही.

आणि माणूस वीस तासांत पोचतो,
झबल्याला तीन आठवडे.
तेवढ्यात पोर वाढणार.
तिच्या वाढण्याला मधे
सिंगापूर नाही.

शिवणीच्या आत जादा कापड सोडतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
मामा शिकवताना सांगायचे,
मायेत कंजुषी नको,
उसवायची वेळ सगळ्यांवर येते.
रोजच्या ब्लाउजला मी इंचभर सोडतो,
लग्न ठरलेल्या पोरींना दीड.

इथे किती?
वीस तासांची किती,
तीन आठवड्यांची किती,
पुढच्या दिवाळीलाही रजा नाही मिळाली तर
त्याची किती?

दोन इंच सोडले.
खडूची रेघ पुसून अडीच.
आतून जाड झालं, काखेत टोचेल,
म्हणून वर मलमलची पट्टी घातली.
तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो म्हणे.

गोल परत केला.
"काय मापलंत?" भानुशालीनं विचारलं.
"बाही," म्हणालो.

रात्री शटर ओढताना पाहिलं,
त्याच्या शोकेसात गोल तसाच,
दोरा काढायचा राहिलेला.
एक टोक अजून ऑकलंडला चिकटून,
दुसरं इकडून सुटलेलं,
पंख्याच्या वाऱ्यावर
हलत होतं.