शरणपूरच्या चर्चची मापं

टेपचं एक टोक देवदान भांबळांच्या हातात,
दुसरं माझ्या.
"तेहतीस फूट आठ," मी ओरडते;
माझाच आवाज वरून उशिरा परत येतो.

छप्पर इतकं उभं का, आधी कळत नाही.
मग कळतं : बर्फ घसरून पडावा म्हणून.
नकाशा बोटीनं आला होता,
कुठल्याशा ओल्या, मेंढरांच्या गावाचा;
उत्तरेच्या खिडक्या चिंचोळ्या, गार वारं नको,
दक्षिणेला मोठाल्या, ऊन यावं.

ऊन आलं.
दीडशे वर्षं येतंय.
मे महिन्यात दक्षिणेच्या बाकांवर कुणी बसत नाही,
फक्त भांबळांची सासू बसायची, हट्टानं,
पदरानं वारा घेत.

भिंती काळ्या दगडाच्या.
टाकीचे घाव तिरपे, डावखुऱ्या हाताचे.
घाटावरच्या एका पायरीवर असेच पाहिलेत मी;
तोच असेल असं नाही.
मागे, पन्हळीखाली, जिथं पाद्रीसाहेब कशाला जातील,
एक कमळ आहे. सात पाकळ्या.
आठवीची मजुरी राहिली असेल.

"चुन्यात काय घालायचे हो?"
भांबळ दर्जेत नख खुपसतात.
"गूळ. आणि बेलफळाचा गर.
आजा सांगायचा, पोरं भिंत चाटायची."

मी वहीत लिहिते : पाया, कमान, उतार बावन्न अंश.
बेलाला रकाना नाही.

बाहेर येऊन टेप गुंडाळतो आम्ही.
कौलांवर कबुतरं सरकतात,
आणि तेवढ्या उतारावरून
एक पांढरं पीस
घसरत खाली येतं.