एक, ऐकलेला

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सातला,
जलाशयाचं फाटक उघडून देतो मी.
कुलूप जुनं. ऑक्टोबर लागला की किल्लीला नखरे सुचतात.
तोवर हेलवेन गाडीत बसून दुर्बिणीच्या काचा पुसते
आणि इल्टिड बाहेर, काठीवर हनुवटी टेकून,
डोंगराकडे कान करून उभा.

मला पगार पाण्याची पातळी लिहिण्याचा मिळतो,
पाखरांचा नाही.
पण अकरा वर्षं यांचा तिपाया वाहून
चांदवा कुठला नि पाणकोंबडी कुठली, एवढं कळायला लागलंय.

यंदा भिंतीच्या डागडुजीसाठी पाणी चार मीटर उतरवलंय.
तळ उघडा पडलाय :
ट्रॅक्टरचं टायर, एक बाबागाडी,
कुणाच्या तरी बुडालेल्या कुंपणाचे दगड, अजून रांगेत.
कंत्राटदार म्हणतो, काय ही घाण.
हेलवेन म्हणते, ताट वाढलंय.
आणि खरंच, काठाच्या चिखलात पाणलावे
टाके घालत चाललेत, उसवणार असल्यासारखे घाईने.

नवराबायको नाहीत ती. गावात नवे आलेले विचारतात.
ती टपाल कचेरीत होती, तो खाणीवरच्या बसचा ड्रायव्हर.
इल्टिडच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आता डाग आहे.
ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जातं,
कडेकडेचं उरतं :
नेच्यांचा तांबूस उतार, पिवळ्या पडत चाललेल्या लार्चची ओळ,
निळा शिक्का मारलेल्या मेंढ्या.
हेलवेनला पलीकडच्या काठावरच्या चक्रांगाच्या
पंखातला हिरवा तुकडासुद्धा दिसतो,
पण वरच्या पट्टीतले आवाज तिला सोडून गेले,
आधी रातकिडे, मग किटलीची शिट्टी,
मग मागच्या हिवाळ्यात एकेक पाखरू.

तर ती बघते आणि बोटातलं यंत्र दाबत जाते. टिक. टिक.
तो टिकटिक ऐकतो.
"तरंग बदकं एकशे बारा," ती म्हणते.
"तेरा. शेवटचं दोनदा दाबलंस का?"
"दोन होती."
"मग तेरा."
शेंडीच्या टिटव्या चाळीस. शेंडीची टिबुकली एक, बुडालेली,
वर येईपर्यंत तिघंही गप्प.

फ्लास्कमधला चहा ओतत असताना त्यानं हात वर केला.
"टिलवा. हिरव्या पायांचा. तीन सूर, खाली उतरत."
तिनं दुर्बीण सगळ्या काठावरून फिरवली,
टायर, बाबागाडी, दगड, पुन्हा टायर.
"नाही."
"तू ऐकलंच नाहीस."
"आणि तू बघितलंच नाहीस."
चहा कपात निवत गेला.
मग दोघांनी माझ्याकडे तोंड वळवलं,
तिनं नीट, त्यानं थोडं बाजूला, माझ्या खांद्याकडे,
म्हणजे मी त्याला दिसावा.

काहीतरी ऐकलं होतं मी.
पण वारा सुटला की फाटकाची बिजागरीही तसंच बोलते.
तेलाची बाटली दोन महिने खिशात घेऊन हिंडतोय.
म्हटलं, "ऐकलं."

तिनं पेन बंद करून पेन्सिल काढली.
हिरव्या पायांचा टिलवा. एक. ऐकलेला.
अक्षर बारीक, खोडता येईल असं.
इल्टिडनं विचारलं नाही कशानं लिहिलंस.
पेन्सिलीचा आवाज त्याला येतोच.

अकराला गाडी गेली. उरलेला पावाचा तुकडा,
मनुका घातलेला, माझ्या हातात कोंबून.
मी फाटक ओढलं.
बिजागरी बोलली, दोनदा.
पुन्हा उघडून लावलं.
दोनदाच.
वळणापलीकडे गाडीचा आवाजही उरला नव्हता,
हाका मारून उपयोग नव्हता.
वहीत पातळी लिहिली, चार मीटर दहा.
शाईनं.