टिंब

पहिल्या वर्षी माझं शून्य इथे कुणी ओळखलंच नाही.
सोहारच्या कचेरीत मी लिहिलं, अळ्या: ०
आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
फवारणीची गाडी वादीकडे निघालीसुद्धा.
अरबीत असा वाटोळा आकडा म्हणजे पाच.
खमीस बिन रशीद हसून हसून खोकला,
मग माझ्या हातातलं पेन घेऊन
कागदावर त्याने एक टिंब दिलं.
"हे आमचं काहीच नाही."

तेव्हापासून टिंबं देत आलेय.
विहिरी, खजुरीच्या बागांतले हौद,
फलजचा पाट, जिथे करंगळीएवढे मासे
माझंच काम करतात, बिनपगारी.
लांब दांड्याची पळी बुडवायची,
पांढऱ्या बशीत ओतायची, बघायचं.
दहा पळ्या. टिंब.
पुन्हा दहा. टिंब.
काहीच न सापडणं, हे माझं संशोधन.
आई फोनवर विचारते, अजून तेच का गं?

ऑगस्टात, बंदरामागच्या कामगार कॅम्पात,
टाकीवर झाकण नव्हतं.
ते खाली स्वयंपाकाच्या खोलीत, दोन विटांवर,
पोळ्या लाटायला.
टाकीत पहिल्याच पळीला सात,
पाण्याला समांतर, आडव्या पडलेल्या,
जणू त्यांना कसलीच घाई नाही.

आणि वरच्या बंकवर सोमा उइके,
बाहेर सेहेचाळीस डिग्री, अंगावर दोन ब्लँकेटं.
"पेट खराब है मॅडम."
दात वाजत होते.
मी मराठीत विचारलं, "एक दिवसाआड येतं का?"
तो भिंतीकडे बघत राहिला.
"आमच्या कोरचीकडं याले हिवताप म्हन्तेत, बाई.
पन सात महिने झाले घर सोडून.
मंग हे आलं कुठून?"

यकृतात झोपून राहतो हा जंतू, मी सांगितलं,
महिनोन्‌महिने. मग एखाद्या रात्री उठतो.
"यकृत म्हंजे?"
"काळीज."
खाटकाच्या दुकानातला शब्द,
माझ्यापाशी दुसरा नव्हता.
सोमा पहिल्यांदा हसला.
"तं मंग तिथं लय काही झोपलं आहे, बाई."

परत पाठवाल का, हे त्याने विचारलं नाही,
फक्त माझ्या फॉर्मकडे पाहिलं.
फॉर्मवर दोनच रकाने: स्थानिक, आयात.
तापाबद्दल आहेत ते, मी म्हणाले. माणसाबद्दल नाहीत.
हे मलाच पुरेसं पटलं नाही.

आधी रक्ताची आणखी एक तपासणी,
कारण हीच गोळी काहींच्या रक्तपेशी फोडते.
मग चौदा दिवस, रोज एक.
कामाची बस पाचला सुटते म्हणून मी साडेचारला दारात,
त्याने गिळायची, मी बघायची.
नऊ झाल्या.
दहाव्या पहाटे बंकवर दुसराच कुणी झोपलेला.
"दुक्मला पाठवला," फोरमन म्हणाला,
जसं स्कॅफोल्डिंग पाठवतात.

खमीस काही बोलला नाही.
उरलेल्या गोळ्या त्याने पाकिटात घातल्या,
वर आकडा लिहिला, वाटोळा,
आणि क्षणभर मला पाकीट रिकामंच वाटलं.
इतकी वर्षं झाली तरी डोळे आधी मराठीतच वाचतात.
त्याचा एक मावसभाऊ मासळीचा ट्रक घेऊन
त्याच रात्री दक्षिणेला निघणार होता.

दरम्यान मी मस्कतहून पोळपाट आणला.
झाकण टाकीवर गेलं.
खर्चाच्या यादीत "पोळपाट, एक" बघून
हिशेबनिसाने तीनदा फोन केला:
हे कुठलं उपकरण?

दोन दिवस चुकले, तरी रोज पहाटे
मावसभावाच्या फोनवरून सोमा यायचा,
मागे वारा, क्रेनची घरघर.
बोलणं फारसं नाही.
पाचव्या दिवशी मी फक्त ऐकलं:
बाटलीचं बूच, पाणी,
घोट.
"झालं, बाई."

पुढच्या आठवड्यात टाकीत दहा पळ्या बुडवल्या.
वही खमीसकडे दिली.
त्याने पेनाचं टोक टेकवलं, उचललं.