पुसणारी

रात्री अकरा ते सकाळी सात.
मुंबई नाक्यामागं, चौथा मजला, काळ्या काचा,
मोबाइल बाहेर, लॉकर नंबर सत्तेचाळीस.
आईला सांगितलंय, बँकेचं काम आहे.

एका पोस्टला अकरा सेकंद.
ठेव. काढ. पुढं सरकव.
तेवढ्यात तर फोडणीतली मोहरीही धड तडतडत नाही.
मराठी, हिंदी येते, अहिराणी कळते
असं मीच भरून दिलं होतं फॉर्मात,
म्हणून कुणाची शिवी विखारी
आणि कुणाची नुसती मायेची
हे ठरवायला बसवलंय मला.

गेल्या थंडीत एक व्हिडिओ आला.
देश कळेना, लिपी कळेना.
एक बाई मोबाइल धरून चालत होती
आणि ओळीनं निजलेल्या एकेकाचं नाव घेत होती.
निजलेले नव्हते ते.
नियम सतरा : रक्त दिसलं की काढ.
काढला.
पुढं एका ट्रेनिंगमध्ये चहाच्या वेळी कुणी सहज म्हणालं,
असलं काही कोर्टात पुरावा म्हणून लागतं,
कधी कधी.
ती नावं अजून येतात तोंडात,
चुकीच्या उच्चारांनी, भांडी घासताना.

देवळाली गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळा आहे.
दगूतात्या गांगुर्डे लिहितात.
प्रेसमधून रिटायर; एकतीस वर्षं टपालाची तिकिटं छापली,
स्वतः कुणाला पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही.
नळाची वेळ, कुणाचा दहावा, हरवलेली शेळी,
आणि दोन महिने झाले, एकच ओळ :
‘वालदेवीत फेस कोणाचा?’
खाली सही, तारीख.
त्यांचा ‘स’ पोटात गाठ मारलेला असतो.

एकदा नगरसेवकाचा पुतण्या ओल्या फडक्यानं पुसून गेला.
तात्यांनी पुन्हा लिहिलं, वर जोड दिली :
‘काल पुसले. पुसणाऱ्याचे नाव गल्लीस ठाऊक आहे.’
पुतण्या आठवडाभर मागच्या बोळानं घरी जायचा.

मग तात्यांच्या नातीनं फळ्याचा फोटो टाकला.
आणि बुधवारी, पहाटे पावणेतीनला,
तो माझ्यासमोर.

तक्रारी तीनशे बारा.
एकाच तासातल्या,
आणि शुद्धलेखनाची चूकही सगळ्यांची एकच :
‘समाजात तेड निर्माण करणारे’.
‘स’ची गाठ ओळखली.
फोटोच्या कडेला माझी स्कूटी, अर्धी.

नियम नऊ : ओळखीचं निघालं तर हात लावायचा नाही.
चांगला नियम आहे.
सरकवलं पुढं.
पुढं म्हणजे कुठं, ते नियमात नाही.
असेल एखादं दूरचं शहर,
तिथला कुणी जांभई देत वाचणारा,
त्याला वाटलं असेल वालदेवी म्हणजे देवी,
आणि फेस तिच्या तोंडाला आलेला.
तीन वाजून चार मिनिटांनी गेला फोटो.
कारण : धार्मिक भावना.

नदीला कुणी विचारलं नाही.

सकाळी तात्या फळ्यापाशीच होते, बाहीला पांढरं.
“पोरी, तू कंप्युटरमधली. ते फोटोचं कोण पुसतं गं?”
म्हटलं, मशीन.
“बरं. मशीनचं गाव कोणतं?”
मी स्कूटीची किल्ली शोधायला लागले.
हातातच होती.

त्यांनी काही ताणलं नाही.
जुन्या ओळीखाली नवी ओळ घातली,
‘फोटो काढला. काढणाऱ्याचे नाव’
आणि तिथंच थांबले.
खडू माझ्यापुढं धरला वगैरे नाही.
चौकटीवर ठेवला,
नळ आला म्हणून बादली घेऊन गेले.

दुपारभर झोप नाही.
गच्चीतून दिसते ती ओळ,
तिच्यापुढची जागा दिसते,
खडूसुद्धा, कुणी पळवला नाही अजून.

अकराला पाळी आहे.