कलम त्रेचाळीस

ग्रिम्सबीच्या कौन्सिलात, तिसऱ्या मजल्यावर
मी ओळी काळ्या करते. पगारी काम.
खिडकीतून गोदी दिसते, वारा फिरला की
मासळीचा वास फायलींनाही लागतो.

आज हेझल थॉर्पचा अर्ज आलाय,
निळ्या बॉलपेनने, उताराला लागलेली अक्षरं:
माझ्या भिंतीवरची बुरशी माझ्या राहणीमुळे आहे
असं कोणी लिहिलं? त्याचं नाव हवं.

तिची फाईल जाडजूड.
पोराचा इन्हेलर, दिवसातून किती वेळा.
अंथरूण ओलं करतो, हे. नवरा कुठल्या महिन्यात गेला, हे.
अंघोळीला गरम पाणी किती मिनिटं सोडता, हेही विचारलंय
आणि तिने खरं लिहिलंय: चार.
सात खात्यांनी वाचून सह्या केल्या.
एकाही ओळीवर पट्टी नाही.

ठेकेदाराची फाईल पातळ.
रक्कम काळी. तपासनिसाचं नाव काळं.
तारीख तेवढी उघडी, कुठलासा मंगळवार.
कलम त्रेचाळीस, व्यापारी हितसंबंध.
झाकली मूठ सव्वा लाखाची, आम्ही म्हणतो;
ही किती पौंडांची, ते मुठीलाच ठाऊक.

"सवय होते गं," डॉरीन म्हणते,
बिस्किट चहात जरा जास्तच बुडवत.

लग्न खरं आहे हे पटवायला
मी श्रीरंगची पत्रं व्हिसाच्या साहेबाला दिली होती. बत्तीस.
एकात माझ्या पाठीवरच्या तिळाबद्दल होतं.
साहेबाने तिथेही शिक्का मारला, नीट, कोपऱ्यात.
त्याचं नाव मला कधीच कळलं नाही.

साडेचारला
पोराच्या अंथरुणावर मी पट्टी ओढली.
त्या महिन्यावर. चार मिनिटांवर.
मग तपासनिसाच्या नावावरची काढली
आणि बघत बसले.
साधंच नाव. त्यालाही असेल एखादं पोर, दम लागणारं.
त्याच्या पोराबद्दल मी विचारत नाहीये.
घर त्याचं.
सही मात्र त्याच्या घरची नाही,
ती हेझलच्या भिंतीवर आहे.

खाली, उत्तर देणारी अधिकारी म्हणून,
माझं नाव टाकलं. पूर्ण.
इथे कोणाच्या तोंडात बसत नाही ते आडनावसुद्धा.

डॉरीनने कप धुवायला नेले, माझाही.
जाता जाता पडद्याकडे बघितलं तिने,
काही बोलली नाही.
नळ बराच वेळ चालू होता.